कुकीजच्या डब्यातले सूर

मागच्या वर्षी आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात माझा फोटो आला होता. अंगावर शाल, हातात नारळ, शेजारी टेबलावर माझ्या बायकोची पेटी. फोटोखाली छापलं होतं, की या आजोबांनी आपल्या दिवंगत पत्नीची पेटी युद्धातल्या अनाथ मुलांना दिली. ज्यांच्याकडे तो अंक असेल त्यांनी काढून बघा. मी हसतोय त्यात. फोटोखालचं वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे फोटो काढताना मला एकट्याला ठाऊक होतं.

म्हणून यंदा मी स्वतः लिहून दिलंय. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस. शुद्धलेखन सुनेनं तपासलंय, पण शब्द हलवायचा नाही म्हणून तिला बजावलंय. तिनं दोनदा विचारलं, "बाबा, हे नक्की छापायचंय?" टाळ्या तुमच्यासमोर घेतल्या, तर हेही तुमच्यासमोरच सांगायला पाहिजे.

मी मिरजेचा. दहाव्या वर्षी पेटीच्या कारखान्यात भुसा झाडायला लागलो आणि म्हातारा होईपर्यंत तिथंच राहिलो. पेटी म्हणजे हार्मोनियम, हे इथल्या पोरांसाठी सांगतो. लाकूड कापलं, भात्याला कातडं लावलं, शेवटी सुरांवर बसलो. सूर म्हणजे पितळेची बोटभर पट्टी, तिच्यात एक पातळ जीभ. भात्याची हवा लागली की ती जीभ थरथरते आणि वाजते. जीभ टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. एवढीच माझी विद्या.

आठ वर्षांपूर्वी मुलानं आम्हा दोघांना इकडे परदेशात, नोव्हायला आणलं. तो गाड्यांच्या कंपनीत आहे. येताना बायकोनं साड्या कमी केल्या आणि पेटी आणली. तिला जाऊन अडीच वर्षं होऊन गेली. पोटाचं दुखणं, तीन महिन्यांत संपलं. तिच्या फोनमध्ये सकाळी आठला गोळीची आठवण वाजते. अजून वाजते. बंद कशी करायची ते मला येत नाही, आणि मी कुणाला विचारलेलं नाही.

ती गेल्यावर वर्षभरानं, बर्फ वितळायच्या सुमाराला, दारात एक बाई आली. चाळिशीची, केस बारीक कापलेले, काखेत एक पेटी. हिचे आईवडील इथले जुने डॉक्टर, ही इथंच जन्मली, व्हायोलिन वाजवते. मोठमोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवते असं सून नंतर म्हणाली. मला तेव्हा फक्त तिच्या काखेतली पेटी दिसली, कारण तिचा भाता लोंबत होता.

"काका, तुम्ही पेटी रिपेअर करता असं ऐकलं."

"करत होतो."

"मग आता करा ना."

असं तोंडावर बोलणारं माणूस मला आवडतं. मी तिला आत घेतलं.

ती एका देशात जाते. त्याचं नाव लिहायचं नाही असं तिनंच सांगितलंय, कारण तिथं पोरांना वाजवायला शिकवलं म्हणून मास्तरला उचलून नेतात. वर्षानुवर्षं लढाई चाललेली. घरं पडलेली, बाप मेलेले, पोरं रस्त्यावर. कुणी गाड्यांच्या काचा पुसतं, कुणी पाण्याच्या बाटल्या विकतं. हिनं तिथं एका भट्टीच्या मागची खोली घेतलीय. खिडकीला गाद्या लावल्यात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. एक स्थानिक मास्तर आहे. ही वर्षातून दोनदा जाते आणि सहा-सहा आठवडे राहते. तिकडच्या गाण्यात पेटी लागते, आणि तिकडे पेट्या फोडून टाकलेल्या. इकडे आपल्या लोकांच्या बेसमेंटमध्ये पेट्या धूळ खात पडलेल्या. हे तिच्या डोक्यात आलं आणि ती घरोघरी फिरायला लागली.

"तिथं बॉम्ब पडतात आणि तू पेट्या नेतेस?" मी म्हटलं. "धान्य ने की."

"धान्याचा ट्रक येतो, काका. देतो आणि जातो. मग दिवसभर त्या पोरांनी काय करायचं? आमच्याकडे आधी जेवण, मग हात धुवायचे, मग पेटी. हात नाही धुतले तर मास्तर पट्टीला हात लावू देत नाही."

हात धुवायचं ऐकलं आणि मी पेटी घेतली. आमच्या कारखान्यात हाच नियम होता.

मग पेट्या येतच राहिल्या. आपल्या लोकांची गंमत सांगतो. प्रत्येक घरात पोरगं सात वर्षांचं झालं की पेटी येते. दोन वर्षं क्लास, मग सॉकर, मग पेटी ट्रेडमिलखाली. एका पेटीत मला खेळण्यातली गाडी सापडली, एकीत हळदीकुंकवाची पुडी. इथल्या हीटरनं हवा अशी कोरडी होते की लाकूड तडकतं, कातडं पापडासारखं होतं. मुलाच्या गॅरेजमध्ये मी पाट टाकला आणि कामाला बसलो. सून म्हणाली, "बाबा, हल्ली तुम्ही जेवायला वेळेवर येत नाही." पण ती खूश होती. मीही होतो. उन्हाळाभर सोळा पेट्या वाजत्या केल्या.

आलेल्यांतली एक मात्र सोडून दिली. फार्मिंग्टनच्या एका घरातली, बेसमेंटमध्ये पाणी भरलं तेव्हा रात्रभर पाण्यात राहिलेली. सुरांवर हिरवा गंज. मी व्हायोलिनवालीला सांगितलं, "ही मेली. सूर पोकळ झालेत, आज वाजतील, सहा महिन्यांत जिभा तुटतील." तिनं मान हलवली. ती पेटी मी गॅरेजच्या फळीवर ठेवून दिली. हे लक्षात ठेवा.

मग गणपती आले. शाळेच्या हॉलमध्ये आपला कार्यक्रम होता. व्हायोलिनवालीनं पडद्यावर पोरांचे फोटो दाखवले, चेहरे पुसलेले, नुसते हात. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईनं मला वर बोलावलं. "आपल्या काकांनी एकट्यानं सोळा पेट्या दुरुस्त केल्या!" टाळ्या. हातात माइक. मी आयुष्यात माइक धरला नव्हता. बायको गेल्यापासून घराबाहेरचं माणूस माझ्याकडे बघायचं ते कीव करून. त्या दिवशी अख्खा हॉल वेगळ्या नजरेनं बघत होता. मला ते सोडवेना.

मी म्हटलं, "सतरावी पण देतो. माझ्या बायकोची."

लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या काकूंनी डोळ्याला पदर लावला. माझा मुलगा मात्र उभा राहिला नाही, तो माझ्याकडे बघत राहिला. व्हायोलिनवाली माझ्या कानाशी आली. "काका, शुअर?"

"शुअर," मी म्हटलं.

कुणी मागितली नव्हती. हे नीट वाचा. माझ्याकडे ती पेटी कुणीही मागितली नव्हती.

आता त्या पेटीचं सांगतो. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी ती केली, मालकाच्या परवानगीनं, सुट्टीच्या दिवशी बसून. सागवानी खोकं, तीन सप्तकं, सदतीस पट्ट्या, आत सुरांच्या दोन ओळी. म्हणजे चौऱ्याहत्तर सूर. एका जुन्या मोडक्या पेटीतले जर्मन सूर जमवून बसवले होते. बायको दहावी झालेली, माझ्याहून शहाणी, आणि गळा चांगला. भजनी मंडळात ती पुढे बसायची. तिची पट्टी काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर तिचा सा. पेटी वाजायला लागली त्या दिवशी तिनं पहिलं काय म्हटलं? "अहो, गंधार चढलाय."

मी म्हटलं, "चढलेला नाही, बरोबर आहे. सगळ्या पेट्यांचा असाच असतो."

"सगळ्या पेट्यांशी मला काय करायचंय? मला टोचतोय."

काळी चारचा गंधार म्हणजे वरची पांढरी एक. मी सूर काढला, बुडाशी केसभर घासला, पुन्हा बसवला. "अजून." पुन्हा काढला. "अजून थोडा." चौथ्यांदा ती काही बोलली नाही, गायलाच लागली. मग तो सूर पन्नास वर्षं तसाच राहिला. दुसऱ्या कुणी ती पेटी वाजवली की तोंड वाकडं करायचा, म्हणायचा ही पांढरी एक उतरलीय. आम्ही दोघं हसायचो.

गणपती झाले आणि मी गॅरेजमध्ये जाऊन त्या पेटीसमोर बसायला लागलो. देववेना. दसऱ्याच्या कार्यक्रमात ती पेटी समारंभानं द्यायची ठरली होती. मुलाला सांगता आलं असतं, "बोलून गेलो रे, जमत नाही." तो म्हणाला असता, इट्स ओके बाबा. व्हायोलिनवालीही तेच म्हणाली असती. पण मग पुढच्या रांगेतल्या काकूंना काय सांगायचं? दसऱ्याला मिळणाऱ्या शालीचं काय?

मुलगा आणि सून कामावर गेले, नात शाळेत गेली, की मी पेटी उघडायचो. तीन सकाळी लागल्या. बायकोच्या पेटीतले चौऱ्याहत्तर सूर एकेक करून काढले, प्रत्येकाचे दोन स्क्रू. कुकीजचा एक निळा पत्र्याचा डबा होता, त्यात तिचे दोरे असायचे. दोरे बाहेर काढून त्यात सूर भरले. आणि तिच्या पेटीत बसवले ते फार्मिंग्टनच्या बुडालेल्या पेटीतले. लिंबू आणि राख लावून घासले, सोन्यासारखे चमकवले, स्वरात मिळवले. माझा हात अजून वाईट नाही. पेटी वाजली. ऐकणाऱ्याला काही कळलं नसतं.

मला मात्र ठाऊक होतं की सहा महिने. मीच सांगितलं होतं ना.

आणि त्या तीन सकाळी मी मनाशी काय म्हणत होतो तेही लिहितो, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मी म्हणत होतो, रस्त्यावरची पोरं आहेत, त्यांना काय कळतंय. वाजल्याशी कारण. मी, दहाव्या वर्षी भुसा झाडणारा, ज्याला पोरवयातच मालकानं कान धरून सुरांवर बसवलं कारण मला कळत होतं. तो मी हे म्हणत होतो.

दसऱ्याला तो फोटो काढला. डबा तेव्हा माझ्या कपाटात होता.

व्हायोलिनवाली नोव्हेंबरात गेली, जानेवारीत परतली. परतल्यावर चौथ्या दिवशी घरी आली. बाहेर गुडघाभर बर्फ. सुनेनं पोहे केले होते. बाईचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, "पोचल्या का पेट्या?"

"पोचल्या. काका, एक बॅड न्यूज आहे. तुमच्या मिसेसची पेटी."

"काय झालं?" मी विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. ती पेटी सगळ्यांत चांगली, म्हणून सगळ्यांत चांगला कान असलेल्या पोरीला दिली. नऊ-दहा वर्षांची पोर. भाऊ नाही, बाप नाही, आई धुणी करते, ही पूर्वी चौकात बाटल्या विकायची. आता सकाळी विकते आणि दुपारी वर्गात येते. तिला सांगितलं होतं की ही एका आजीची पेटी आहे, आजी देवाघरी गेली, आजोबांनी तुमच्यासाठी पाठवलीय. पोरगी पेटीला हात लावायच्या आधी दोनदा हात धुवायची. पहिल्याच दिवशी मास्तरला म्हणाली होती, हिचा आवाज हिच्या अंगाचा वाटत नाही. मास्तर हसला होता.

चौथ्या आठवड्यात एक सूर तुटला. दोन दिवसांनी आणखी एक. आठवड्यात चार. सहा महिने मी म्हटलं होतं, तेवढेही टिकले नाहीत. ती पोर रोज तीन-तीन तास वाजवत होती.

"आणि मी ओरडली तिला," व्हायोलिनवाली म्हणाली. "मला वाटलं जोरात दाबते. मी म्हटलं, ही आजीची होती, तुला कळत नाही का? काका, मी खूप वाईट ओरडली. सगळ्यांसमोर. नेक्स्ट डे ती आली नाही. मग आलीच नाही. मी तिथून निघाले तोपर्यंत आली नव्हती."

तिनं फोन काढला. पोरीनं मास्तरच्या फोनवर आवाज पाठवला होता. त्यांच्या भाषेत, बारीक आवाजात, मध्ये थांबत. व्हायोलिनवालीनं अर्थ सांगितला. आजोबांना सांगा, मी हळूच वाजवत होते. तरी मोडली. मला माफ करा. मी पुन्हा हात लावणार नाही.

सून रडायला लागली. मुलगा खाली बघत होता.

"काका, हे कशामुळं होतं?" बाईनं विचारलं. "यू नो धिस. जोरात दाबल्यानं होतं का?"

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. ताटात पोहे होते, समोर चार माणसं, आणि एक सोपा शब्द. मी म्हणालो, "हवामान. तिकडचं हवामान फार कोरडं. होतं असं."

आणि पोहे खाल्ले. सगळे संपवले. माझ्या नातीनं विचारलं, "आजोबा, सो इट वॉज नॉट हर फॉल्ट?" मी म्हटलं, "कुणाचाच नाही." पहिलं खोटं गॅरेजमध्ये एकट्यानं केलं होतं. हे दुसरं माझ्या नातीच्या डोळ्यांत बघून केलं.

दहा दिवस गेले. मी डबा काढायचो, उघडायचो, बंद करायचो. बायको त्यात आहे असं मानून मी तो ठेवला होता. सांगतो, त्यात नुसतं पितळ होतं. भात्याशिवाय पितळ काय बोलणार? एका सकाळी तिच्या फोनची गोळीची आठवण वाजली तेव्हा डबा मांडीवर होता. वरच्या पांढऱ्या एकचा सूर शोधून काढला, ओठाला लावला, फुंकला. वाजला. तोच, केसभर उतरलेला. आणि मला मिरजेची एक गोष्ट आठवली.

शेजारच्या एका मुलीची शाळेत गाण्याची स्पर्धा होती. बायकोनं तिला ही पेटी आठवडाभर नेऊ दिली. मी तणतणलो. पोरगी आपटेल, हवा भरून भाता फाडेल. बायको भाकऱ्या थापत होती. वळूनही न बघता म्हणाली, "पेटी काय लोणचं आहे, बरणीत घालून फडक्यानं बांधून ठेवायला? आणि मोडली तर नवरा कशाला केलाय पेटीवाला?"

मुलगी पेटी परत द्यायला आली तेव्हा एक पट्टी सैल झाली होती आणि ती दाराबाहेरच उभी राहिली होती, आत येईना. बायकोनं तिला आत बोलावलं, हातात लाडू ठेवला आणि मला म्हणाली, "अहो, सांगा तिला, ही पट्टी आधीपासूनच सैल होती." नव्हती. तरी मी सांगितलं. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलं होतं.

इथं तर खरंच आधीपासून मोडकं होतं आणि मी सांगितलं नाही.

मी मुलाला शनिवारी बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, एक करू. हे सूर आपण तिला देऊ, सांगू स्पेअर पार्ट्स आहेत, रिपेअर होईल. बाकीचं कशाला? व्हाय हर्ट हर? मंडळातही मग बोलतील लोक."

"आणि त्या पोरीला काय वाटेल?"

"पेटी दुरुस्त झाली की ती येईल."

"ती म्हणालीय हात लावणार नाही."

"बाबा, तुम्ही सत्त्याहत्तरचे आहात. कशाला स्वतःची शोभा करून घेताय?"

तो माझ्या भल्याचंच बोलत होता. मला ते पटावं असंही वाटत होतं. उठून गाडीची किल्ली घेतली ती शेजारी बसलेल्या सुनेनं. "चला बाबा. मी ड्राइव्ह करते."

व्हायोलिनवालीच्या घरी मी बूट काढले नाहीत, दारातच सांगितलं, कारण बसलो असतो तर चहा आला असता आणि मी पुन्हा हवामानावर गेलो असतो. डबा पुढे केला. "हे माझ्या बायकोच्या पेटीतले सूर. जी पेटी तू नेलीस तिच्यात बुडालेल्या पेटीतले होते. मी बदलले. तुटणार हे मला माहीत होतं."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. ती इंग्रजीत भराभर काहीतरी बोलली, सुनेशी, माझ्याशी नाही. मग माझ्याकडे वळली.

"काका, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी काय केलं असतं? काही नाही. थँक यू म्हणून गेले असते."

"हो."

"मी ओरडली तिला. सगळ्यांसमोर. आता मी काय सांगू?"

"खरं सांग. म्हाताऱ्यानं फसवलं म्हण."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

तिनं तिथंच, दारात, व्हिडिओ काढायला फोन माझ्यासमोर धरला. माझ्या टोपीवर बर्फ होता. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही, पण सुनेला आठवतं, ती सांगते: "पोरी, तू काही मोडलं नाहीस. मोडकं मीच पाठवलं होतं. तुझ्या बाईंना माहीत नव्हतं. चांगले सूर मी घरात लपवून ठेवले, कारण मला सोडवेनात. तुला कळणार नाही असं मला वाटलं, आणि तुला पहिल्या दिवशीच कळलं. तू माफी मागायची नाहीस." मराठीत बोललो. व्हायोलिनवालीनं इंग्रजीत केलं, तिकडे मास्तरनं त्यांच्या भाषेत केलं. दोन माणसांच्या तोंडून गेल्यावर त्यातलं किती पोचलं, देव जाणे.

चौऱ्याहत्तर सूर मी चौऱ्याहत्तर कागदांत गुंडाळले, प्रत्येकावर आकडा घातला, कुठला कुठं बसतो त्याचं चित्र काढलं. नातीनं चित्राला रंग दिले. एप्रिलमध्ये एक डॉक्टर तिकडे जाणार होता, त्याच्याबरोबर ते गेले. निळा डबा बाईनं मला परत दिला. दोरे पुन्हा त्यात भरलेत.

तिकडे मास्तरनं सूर बसवले. पण पोरगी यायला तयार नाही. मास्तर चौकात जाऊन आला, दोनदा. तिसऱ्या वेळी तिथंच बाटल्यांच्या खोक्यावर बसून त्यानं तिला माझा व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, पुन्हा लावा. पुन्हा लावला. मग म्हणाली, आजोबा रडतायत का बर्फ आहे तो? मास्तर म्हणाला, माहीत नाही. मलाही माहीत नाही.

जूनमध्ये ती आली. मास्तरशी बोलते. व्हायोलिनवालीशी फोनवर अजून बोलत नाही. हे बाईनं मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग होता, आणि तो राग माझ्याच वाट्याचा आहे. बाई अजून पेट्या आणते. मी दुरुस्त करतो. फरक एवढाच, की नेण्याआधी ती माझ्यासमोर पेटी उघडते, आत टॉर्च मारून बघते, दोन-चार सूर बोटानं चाचपते. पूर्वी बघत नव्हती. बघू दे. मीच स्क्रू काढून देतो.

आता शेवटचं. ऑगस्टमध्ये मास्तरचा निरोप आला. पोरीचा प्रश्न होता. तिचा सा पांढरी एकवर. ती म्हणते, खालचा सा आणि वरचा सा एकत्र दाबले की भांडतात. वरचा उतरलाय. बाकी पेटी उत्तम आहे, मग हा एकच असा का? हाही खराब आहे का?

खराब नाही. ती वरची पांढरी एक, तो माझ्या बायकोचा गंधार आहे, चौथ्यांदा घासल्यावर तिला पसंत पडलेला. मी हे कळवलं असतं तर पोरीनं त्याला हात लावला नसता. मला माहीत आहे तिनं लावला नसता. ती आजीचा म्हणून आयुष्यभर उतरलेल्या सा वर वाजवत राहिली असती.

मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. एवढं सगळं झाल्यावरही तीन दिवस. तेही लिहून ठेवतो.

चौथ्या दिवशी नातीला फोन धरायला लावला. हातात एक जुना सूर घेतला, बारीक कानस घेतली, कॅमेऱ्यासमोर दाखवलं. "हे बघ पोरी. खराब नाही तो, दुसऱ्याच एका गळ्याला लावलेला आहे. तुझा गळा वेगळा. जिभेच्या खाली कागद सरकव. टोकाला घास, बुडाशी नको. दोनदाच घास, मग लावून ऐक. पुन्हा काढ, पुन्हा घास. घाई करू नकोस. तुला टोचायचा थांबला की झालं."

"इज इट ओके, आजोबा?" नात म्हणाली. "तो आजीचा आहे ना?"

मी तिला फोन बंद करायला सांगितलं. बंद झाल्यावर म्हटलं, "तुझं बोलणं काप आणि पाठव."

मास्तर कळवतो, पोरीनं घासला. तीन वेळा काढून घातला आणि चौथ्या वेळी वाजवत बसली.